हूं नाही, चूं नाही

फुटाणा साधाच होता. बाशीमच्या बाजारात, गुलाबसिंगाच्या चहाच्या दुकानी बाकावर बसल्या बसल्या उकंडरावानं एक तोंडात टाकला, चावला, आणि त्याचा वरचा पुढचा दात हलला. दुखलं वगैरे काही नाही. नुसता हलला, झोपेतलं माणूस कूस बदलतं तसा थोडा पलीकडे कलला आणि परत जागेवर आला. उकंडराव चावायचा थांबला. जिभेनं त्यानं दाताला मागून ढकलून पाहिलं. दात पुन्हा गेला, पुन्हा आला. अरे बापा! आणि समोर मात्र सगळं होतं तसंच चाललेलं. गुलाबसिंग फडक्यानं किटली पुसत होता, आडतीपुढं कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, एक बाई हळदीच्या भावावरून दुकानदाराशी हुज्जत घालत होती. एवढी मोठी गोष्ट घडली आणि कुणाला पत्ता नाही, याचंच त्याला आधी नवल वाटलं. "काय जी उकंडराव, खडा लागला का?" गुलाबसिंगानं विचारलं. "व्हय, खडाच," उकंडराव ओठ मिटून म्हणाला आणि उरलेले फुटाणे त्यानं गपचूप खिशात घातले. चहा राहिला होता तो त्यानं डाव्या बाजूनं, जपून प्याला. आणि आपण जपून पितोय हे कुणी पाहत नाही ना, हेही पाहिलं.

आता दात कुणाचा हलत नाही? चाळिशी आली की बाशीमच्या निम्म्या माणसांचे हलतात, पडतात, माणसं थुंकून मोकळी होतात आणि संध्याकाळच्या भाकरीला लागतात. पण उकंडरावाची भाकरी दातांवर होती, म्हणजे खायची नव्हे, मिळायचीच. शेठ भिकमचंदांची लाडकी मुलगी दाढ सुजून गेली होती. जबडा सुजला तेव्हा घरच्यांनी बिब्बा लावला, वैदूनं डाग दिला, आणि अकोल्याला न्यायचं ठरेपर्यंत पोरीचं तोंडच उघडेना. त्या दिवसापासून शेठनं दुसरा दानधर्म सोडला. देऊळ नको, धर्मशाळा नको. त्यांनी दंतधर्म निधी काढला. बाशीमला दातांचा दवाखाना झाला, अकोल्याहून पंधरवड्यातून एकदा रेल्वेनं मारोतराव डॉक्टर येऊ लागले, शाळाशाळांतून पोरांना दात घासायला शिकवायचं ठरलं, मंजनाच्या पुड्या फुकट वाटायचं ठरलं. दातांचा डॉक्टर व्हायला तेव्हा थेट कलकत्त्याला जावं लागे. ती विद्या इथं वऱ्हाडातच शिकवणारी एक शाळा काढायची, हे तर शेठचं झोपेतलंही बोलणं होतं. सगळं ठरलं, पण हे लोकांना सांगणार कोण आणि सांगणाऱ्याचं लोक ऐकणार कशाला? तेव्हा शेठच्याच कापसाच्या जिनात सरकी काढायच्या रेच्यावर राबणारा इंझोरीचा एक गडी दुपारच्या सुट्टीत अख्खी सुपारी दाढेखाली फोडून दाखवत होता, आणि भोवती माणसं जमली होती. शेठनं त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तोंड उघड." उकंडरावाचा बाप बाजारात बैलाचा ओठ असाच वर करून पाहायचा: दोन दाती, चार दाती, जुळलेला. उकंडरावाला त्या वेळी त्या बैलाची आठवण झाली होती आणि लाजही वाटली होती, पण लाज फार टिकली नाही. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ज्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं, त्या उकंड्याचा दातांनी उकंडराव केला. डोक्याला फेटा आला, अंगात कोट आला, गावोगावचे मास्तर 'या, बसा' म्हणू लागले.

मग छकडा निघायचा. रिसोड, अनसिंग, जिथं बाजार तिथं छकडा. त्यात दवाखान्याची खुर्ची, चुन्याचा मोठा जबडा, पुड्यांची पेटी. उकंडराव छकड्यावर उभा राहून आधी हसायचा, नुसता हसायचा, आणि बाजार त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचा. मग सुपारी फोडायचा. मग मंजन, मग मिश्रीची निंदा, बायकांना हसू येईल अशी. आणि शेवटी, लोक खुर्चीकडे चोरून पाहायला लागले की, तो आवाज चढवायचा: "भाऊहो, बायाहो, भेता काहून? सुई टोचली की काई समजत नाई! आमच्या घरचं माणूस बसलं या खुर्चीवर, भर बाजारात. चार दाढा काढल्या. हूं नाई की चूं नाई! इचारा डॉक्टरले!" मारोतराव डॉक्टर त्या वेळी नेहमी खाली मान घालून हत्यारं पुसत असायचे. आणि माणसं यायची. खरंच यायची. मंजनाच्या पुडीनं चूल सारवणाऱ्या बायादेखील त्या एका वाक्यानं खुर्चीपर्यंत यायच्या, कारण ते वाक्य खरं होतं. उकंडराव जन्मात पुष्कळ खोटं बोलला असेल, पण हे खोटं नव्हतं. रिसोडच्या बाजारात शेकडो माणसांनी ते पाहिलं होतं.

तो पहिल्या वर्षाचा बाजार त्याला आत्ताही, गल्लीनं घराकडे चालताना, जिभेनं दात चाचपताना, जसाच्या तसा दिसत होता. शेठ स्वतः छत्रीखाली बसलेले. सकाळपासून उकंडराव ओरडतोय आणि एक माणूस खुर्चीवर बसेना. शेठचा चेहरा उतरत चाललेला. संध्याकाळी ते म्हणणार, राहू द्या, आणि उकंडराव परत रेच्यावर. तेवढ्यात त्याला रुख्मिणी दिसली. त्याची बायको. रिसोडजवळच्या माहेरी गेली होती, तिथून मिरच्या घ्यायला आली होती, गालाला पदर दाबून, कारण तिची एक दाढ आठवडाभर ठणकत होती. त्यानं छकड्यावरून उडी मारली आणि तिचा हात धरला. "चाल." ती म्हणाली, "इतक्या मान्साईत? परका माणूस तोंडात हात घालन माह्या!" तो म्हणाला, "माही इज्जत हाय, रुख्मिणी." एवढंच म्हणाला होता. ती बसली. डॉक्टर म्हणाले एक दाढ पार गेली आहे, शेजारच्या तीन किडल्यात पण राहतील अजून. उकंडरावच म्हणाला होता, काढा सगळ्या, लोकाईले पाहू द्या. आणि तो पुन्हा छकड्यावर चढला, रुख्मिणीकडे पाठ, लोकांकडे तोंड, आणि बोलत सुटला. काय बोलला होता तो त्या दिवशी! देवानं जणू त्याच्या जिभेवर साखर ठेवली होती. माणसं जवळ आली, अजून जवळ आली, गर्दीतून एकही आवाज नाही. बोलणं संपवून तो वळला तेव्हा चारी दाढा वाडग्यात पडलेल्या आणि रुख्मिणी खुर्चीचे हात धरून सरळ बसलेली. डोळ्यांत टिपूस नाही. शेठनं उठून तिला नमस्कार केला. त्या दिवशी खुर्चीपुढं रांग लागली. शेठनं तिला पुढं एक भारी लुगडं पाठवलं, ते ती कधी नेसली नाही. आणि का नेसली नाही हे उकंडरावानं कधी विचारलं नाही. तिचे गाल बसले, ती एका बाजूनं खाऊ लागली, भाकरी पाण्यात भिजवू लागली, तिशीतच तिच्या तोंडाला म्हातारपण आलं. पण काम उभं राहिलं होतं. उकंडरावाला वाटे, या कामाचा पाया आपल्या बायकोनं घातला, आणि असं वाटलं की त्याला तिच्याविषयी मोठा अभिमान वाटे. तिला तसं सांगावं मात्र कधी सुचलं नाही.

घरी येऊन त्यानं दार लोटलं आणि आरशापुढं उभा राहिला. ओठ वर केला. हिरडीवर बोट दाबलं तर मुळाशी पिवळा पू आला. दुसऱ्या दाताशी दाबलं, तिथंही. दाढा धरून पाहिल्या, दाढाही सैल. याचं नाव त्याला ठाऊक होतं. पायरिया. चुन्याचा जबडा हातात धरून हा शब्द त्यानं किती पोरांकडून घोकून घेतला होता! तोंडाला वास येतो, हिरडी सुटते, कीड नसलेला चांगला दातसुद्धा मुळापासून गळतो. मग मंजन? रोजचं मंजन, सकाळ-संध्याकाळ, इमानानं घासलेलं, त्याचं काय? त्याला राग आला, पण कुणावर यावा ते कळेना. आणि दवाखान्यात तरी जाणार कसा? बाशीममधल्या भिकाऱ्यालासुद्धा त्या दारातून आत जाता येत होतं, एका उकंडरावाला सोडून. दारात बसून 'जा, भेऊ नको' म्हणणारा माणूसच आत शिरला, तर बाहेरचे उठून घरी जातील. त्यातून दोन दिवसांवर अनसिंगचा कार्यक्रम. शेठ वारले होते, त्यांचे चिरंजीव कन्हैयालाल पहिल्यांदाच काम पाहायला येणार होते, आणि निधी चालू ठेवायचा की दुसऱ्या कशाला लावायचा हे तिथं ठरणार होतं. म्हणजे अनसिंगला हसायचं होतं. सुपारी फोडायची होती.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी पाण्याला गेली तेव्हा त्यानं जे केलं ते त्याचं त्यालाच खरं वाटेना. पलीकडच्या गल्लीतून आणलेली तंबाखू त्यानं तव्यावर टाकली आणि चुलीवर ठेवली. मिश्रीनं हिरडी आवळते, असं साऱ्या बाया म्हणत, आणि तो साऱ्या बायांना हसत आला होता. धुरानं घर भरलं. तो खोकत असतानाच रुख्मिणी दारात उभी राहिली, डोक्यावर घागर तशीच.

"काय जाळून राह्यले?"

"काई नाई. लोकाईले दाखवाले पायजे. अनसिंगले."

तिनं घागर उतरवली. तव्यात पाहिलं. लग्नातली तिची मिश्रीची डबी त्यानं नोकरी लागली त्याच आठवड्यात विहिरीत टाकली होती, तेव्हा ती अशीच गप्प उभी राहिली होती. "कच्ची राह्यली," ती म्हणाली. "अशी लावली तं गरगरून पडसान. मले सांगतलं असतं तं म्या भाजून देल्ली असती." आणि खाली बसून तिनं ती नीट, हलक्या आचेवर, काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजली, चुरली, पानात बांधली आणि त्याच्यापुढं ठेवली. कुणासाठी हे तिनं विचारलं नाही. लोकांना दाखवायला इतकी बारीक कशाला चुरायची, हे तिलाही कळत असणार.

ती परसात गेल्यावर त्यानं बोट बुडवलं आणि हिरडीला लावलं. झणका मस्तकात गेला, मग सगळं तोंड हळूहळू जड, शांत झालं. त्याला त्याची आई आठवली, मनकर्णाबाई. इंझोरीला, सकाळच्या उन्हात, ओट्यावर गल्लीतल्या चार बायकांसोबत उकिडवी बसलेली, तोंडात काळं बोट, डोळे अर्धे मिटलेले. केवढ्या हळू आवाजात बोलायच्या त्या! सासू हाक मारायची नाही, नवरा हाक मारायचा नाही. तोंडात बोट असलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही, अशी रीतच होती. दिवसातला तेवढाच वेळ तिचा. आणि आपण गावोगाव हिंडून तोच बंद करत आलो की काय, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तो विचार थुंकीसोबत थुंकून टाकला. पण हिरडी खरोखरच घट्ट वाटत होती, आणि त्यामुळं त्याला आनंद झाला. लाज वाटेल असा आनंद.

अनसिंगच्या शाळेपुढं निंबाखाली मंडप होता. कन्हैयालाल पांढऱ्या टोपीत, हातात सोन्याचं घड्याळ, ते सारखं पाहत. मारोतराव डॉक्टर आता म्हातारे झालेले, खुर्चीशेजारी. गाव जमलं होतं, तांड्यावरची माणसंही. उकंडराव हसला. ओठ नेहमीपेक्षा कमी उघडले, पण हसला. मंजन सांगितलं, चुन्याच्या जबड्यावर ब्रश फिरवला. पोरांनी ओरडून पाठ म्हटलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि आज सुपारी कुणाच्या लक्षात नाही असं वाटून तो शेवटच्या वाक्याकडे वळणार, एवढ्यात तांड्यावरचा बाबूसिंग मागून ओरडला, "उकंडराव, सुपारी फोडा जी! सुपारी तं राह्यलीच!" लोक हसले. कन्हैयालालनंही घड्याळ खिशात ठेवलं. "हां, फोडा. पिताजी बहुत सांगत होते."

त्यानं सुपारी उजव्या दाढेखाली धरली. या दाढेनं आजवर धोका दिला नव्हता. डोळे मिटले आणि दाबलं. कुठंतरी आत, कानाच्या खाली, ओली फांदी तुटावी तसा आवाज झाला. त्यानं हात तोंडाशी नेला. तळहातावर दाढ होती, मुळासकट, रक्तानं माखलेली, आणि तिच्याशेजारी सुपारी.

"सुपारी तं साबूत हाय!" बाबूसिंग ओरडला, आणि मंडप कोसळला हसण्यानं. मास्तर हसले, पोरं हसली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. उकंडराव तसाच उभा. मरण येतं म्हणतात ते असंच येत असेल, दिवसाढवळ्या, लोक हसत असताना. कन्हैयालाल मात्र हसले नाहीत. व्यापारी माणूस. त्यांनी डॉक्टरांना खुणावलं. डॉक्टरांनी उकंडरावाचं तोंड उजेडाकडे वळवलं, बोटानं एकेक दात हलवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "वरचे सगळे गेलेत. काढावेच लागतील. खालचे मागाहून." कन्हैयालालनं मान हलवली. "तर आजच काढा. इथंच. दात चांगले कसे ते आजवर दाखवलं. दात कसे जातात ते आता दाखवा. लोक त्याचं ऐकतात ना? मग तो राहील. दवाखाना पण राहील." आणि उकंडरावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको. तूच तर सांगतो ना, दुखत नाही."

तो खुर्चीवर बसला. इतकी वर्षं ही खुर्ची त्यानं छकड्यात चढवली-उतरवली होती. तिच्यावर बसलं की वर फक्त निंबाचा पाला दिसतो हे त्याला माहीत नव्हतं. लोक पुढं सरकले. निधीचा हिशेब पाहणारे मुनीमजी त्याच्या जागी उभे राहून ओरडू लागले, "पाहा हो, पाहा! काही दुखत नाही!" डॉक्टर वाकले. त्यांनी औषधाची शिशी उजेडात धरून हलवली आणि अगदी कानाशी म्हणाले, "उकंडराव, आज औषध आहे. भरपूर आहे." हे ते असं का म्हणाले, त्याला कळलं नाही. सुई टोचली. गाल लाकडाचा झाला, ओठ कुणा दुसऱ्याचा झाला. आणि मग दात निघू लागले. हाडातून निघणारा आवाज ऐकू येत होता, डॉक्टरांचा गुडघा खुर्चीला टेकल्याचं कळत होतं, वाडग्यात टण् वाजत होतं. पण दुखत नव्हतं! खरंच, काडीचंही दुखत नव्हतं. उकंडरावाच्या डोळ्यांत पाणी आलं ते वेदनेचं नव्हतं. दात गेले, जाऊ देत. मंजन हरलं, हरू दे. पण ते वाक्य, ज्याच्या भरवशावर आपण शेकडो भेदरलेल्या बायाबापड्यांना इथं बसवलं, ते खरं होतं. आपण लबाड नव्हतो. एवढं एक हातात उरलं, आणि त्या क्षणी त्याला ते पुष्कळ वाटलं.

छकड्यातून तो दिवस मावळता मावळता बाशीमला आला. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. रुख्मिणीनं चुलीवर ज्वारीच्या कण्या शिजत ठेवल्या होत्या, मऊ, पातळ. पाट दिला, तांब्या दिला. तो भिंतीला टेकून बसला. तोंडात कापूस, ओठ अजून मेलेले, शब्द घसरत होते, तरी त्याला बोलल्यावाचून राहवेना. बायकोशी असं मोकळं बोलावंसं त्याला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

"रुख्मिणी, खरंच दुखत नाई वं. इतकी वर्सं सांगून राह्यलो, आज सोता पाह्यलं. तुले जसं काई समजलं नाई, तसंच मलेई समजलं नाई पाह्य."

ती कण्या हलवत होती. "सुई देल्ली असन तुमाले."

"मंग? तुले देल्ली तशीच."

"मले कुठी देल्ली?" ती म्हणाली. रागानं नाही, भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तशी. "शिशी फुटली व्हती त्या दिवशी. ठेसनावरून येता येता, छकड्यात. डॉक्टर मले म्हणे, बाई, औषध नाई, पुढच्या बाजारी या."

उकंडरावाला आधी वाटलं, कापसामुळं नीट ऐकू आलं नाही. त्यानं तोंडातला कापूस काढला, जणू कान तिथं होते. "मंग?"

"मंग म्या म्हटलं, काढा. अन् त्याईले सांगू नका म्हटलं."

"चारी?"

"चारी."

चुलीत काटकी तडकली. त्याला डॉक्टरांची खाली घातलेली मान दिसली, प्रत्येक बाजारात, प्रत्येक वेळी. लाकडाच्या खुर्चीचे हात दिसले आणि त्यावरची तिची बोटं. त्या वेळी आपली पाठ होती. पाठ होती म्हणून दिसलं नाही, असं त्यानं मनाला सांगून पाहिलं. पण तो वळल्यावरही ती बोटं तशीच होती, पांढरी पडलेली, आणि ती त्यानं तेव्हाच पाहिली होती.

"काहून पण?" तो म्हणाला. "काहून वं? रडली काहून नाई? एक हाक मारली असती मले!"

रुख्मिणीनं तवली खाली उतरवली. तिला या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

"तुमी बोलून राह्यले होते ना," ती म्हणाली.

तिनं कण्या ताटात वाढल्या आणि निवाव्यात म्हणून पसरवल्या. औषध उतरत होतं. जबड्यात एकेक जागा जागी होऊ लागली होती. रिसोडचा बाजार तीन दिवसांवर होता. छकडा निघणार, मुनीमजी आधीच जाऊन मंडप घालणार, माणसं त्याचं मोकळं तोंड पाहायला जमणार आणि खुर्चीजवळ आली की थबकणार. त्यांना पुढं आणायला त्याच्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं. उकंडरावानं ताटाकडे पाहिलं, रुख्मिणीकडे पाहिलं नाही. ते वाक्य तो रिसोडला बोलणार होता, हे त्याला कळून चुकलं होतं.